यंत्राला खोटें कोण सांगतें?

(नभोवाणीवरील भाषण)

घरांतील एखादें यंत्र बिघडलें म्हणजे आपण बहुधा दोनच गोष्टी करतों. एक तर त्याला दोन थापट्या मारून पाहतों, किंवा दुरुस्ती करणाऱ्यास बोलावून तो सांगेल तें निमूटपणें मान्य करतों. या दोहोंच्या मध्यें तिसरा एक मार्ग आहे. यंत्राला काय ठाऊक आहे आणि तें त्याला कोणीं सांगितलें, याची चौकशी करणें हा तो मार्ग होय. मला त्याची ओळख एका परदेशांतील हिवाळ्यानें करून दिली. ती हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें.

२०२४ सालच्या जानेवारींत मी व माझी पत्नी स्कॉटलंडमध्यें एडिंबरो येथें आमच्या मुलीकडे होतों. तिला नुकताच मुलगा झाला होता. नातू अवघा तीन आठवड्यांचा. बाळंतिणीची खोली ऊबदार असावी, हें आपल्याकडील आजीला कोणी शिकवावें लागत नाहीं. परंतु जागतिक आरोग्य संघटनेनेंही २०१८ सालच्या आपल्या मार्गदर्शनांत, थंड हवेच्या देशांत घरांतील तापमान निदान १८ अंश सेल्सियस असावें आणि दुर्बळ प्रकृतीच्या माणसांस त्याहून अधिक लागेल, असें सांगितलें आहे. आमच्या त्या घरांत एका सोमवारीं सकाळीं भिंतीवरच्या तापमापकानें १४ अंश दाखविले. रेडिएटरला हात लावून पाहिला, तर तो जेमतेम कोमट लागला.

त्या घराला ऊब पुरविण्याचें काम हीट पंप नांवाचें यंत्र करीत असे. हीट पंप म्हणजे उष्णतेचा पंप. हें नांव ऐकून गोंधळून जाण्याचें कारण नाहीं. त्याचा सख्खा भाऊ आपल्या स्वयंपाकघरांत उभा आहे. रेफ्रिजरेटरच्या पाठीमागें हात नेला तर तेथें गरम लागतें. ती उष्णता आंतल्या दुधांतून, भाजींतून उपसून बाहेर टाकलेली असते. आतां अशी कल्पना करा, कीं रेफ्रिजरेटरचें दार उघडून तें अंगणाकडे केलें आणि त्याची पाठ घराकडे वळविली. तो अंगणांतली उष्णता उपसूं लागेल आणि ती घरांत आणून टाकील. हीट पंप करतो तें हेंच. घराबाहेर एक मोठा पंखा आणि नळ्यांचें वेटोळें, म्हणजे कॉइल, असते. तींतून वाहणारें द्रव्य बाहेरच्या हवेंतील उष्णता शोषून घेऊन वायुरूप होतें. कॉम्प्रेसर त्या वायूस दाबून अधिक तापवितो. आणि ती उष्णता घरांतील रेडिएटरच्या पाण्याला मिळते.

तीन अंशांच्या गारठ्यांत उष्णता ती कोठली, असें कोणी विचारील. पण तीन अंश ही थंडी आपल्या कातडीच्या हिशेबानें. उष्णतेचा खरा अभाव शून्याखालीं सुमारें २७३ अंशांवर आहे. त्या मानानें तीन अंशांच्या हवेंत उष्णतेचा मोठा सांठा असतो. तो केवळ उपसावयाचा असल्यामुळें, विजेचा एक भाग खर्च करून उष्णतेचे सुमारें तीन भाग घरांत आणतां येतात. ही कल्पना नवीन नाहीं. विल्यम थॉमसन, जे पुढें लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्धीस आले, त्यांनीं १८५२ सालीं ती मांडली. आणि झुरिक शहराच्या नगरसभागृहाला १९३८ सालीं नदीच्या पाण्यांतून उष्णता उपसणारा पंप बसविण्यांत आला.

आतां एक गोष्ट मात्र आपण ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सर्व तपास तिच्यावरच उभा आहे. उष्णता आपण होऊन नेहमी उष्ण वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. म्हणून तीन अंशांच्या हवेंतून उष्णता घ्यावयाची, तर बाहेरची कॉइल त्या हवेहून थंड असलीच पाहिजे. ती बहुधा शून्याच्या खालीं पांचसहा अंशांपर्यंत उतरते. एडिंबरो हें समुद्रकांठचें शहर. तेथील हिवाळी हवा दमट. तिच्यांतील बाष्प या थंड कॉइलवर हिमरूपानें सांचत जातें. कॉइलवर बर्फाचें पांघरूण चढलें कीं तिच्यांतून हवा जात नाहीं व उष्णता मिळत नाहीं. म्हणून यंत्र अधूनमधून कांहीं मिनिटें उलट चालतें. घरांतील थोडी उष्णता बाहेर आणून कॉइल तापवितें आणि बर्फ वितळवून टाकतें. त्या वेळीं बाहेर वाफेचा मोठा लोट उठतो. आम्ही तेथें गेलों त्या पहिल्याच रात्रीं माझी पत्नी खिडकींतून तो पाहून, "अहो, बाहेरचें यंत्र पेटलें कीं काय!" म्हणून ओरडली होती.

त्या सोमवारीं मुलीनें मला विचारलें, "बाबा, परवापासून तुम्हीं ती वाफ पाहिलीत का?" मीं आठवून पाहिलें. वाफ दिसली नव्हती. बाहेर जाऊन पाहतों, तों यंत्राच्या पाठीवरची कॉइल बर्फाच्या एका जाड लादीखालीं गडप झालेली!

दुपारीं कंपनीचा तंत्रज्ञ आला. माणूस सभ्य व कष्टाळू होता. त्या थंडीच्या आठवड्यांत त्याला एका घरून दुसऱ्या घरीं धांवावें लागत होतें. त्यानें यंत्राच्या पडद्याकडे पाहिलें. बिघाडाचा कोणताही सांकेतिक अंक तेथें उमटलेला नव्हता. त्यावरून त्यानें अनुमान केलें, कीं सेन्सर ठीक आहेत. मग बर्फ वितळविण्याचा हुकूम सुटत नाहीं, त्या अर्थीं हुकूम देणारा मुख्य सर्किट बोर्डच गेला असावा. बोर्डाची किंमत कित्येकशें पौंड, आणि तो येण्यास दोन आठवडे. यंत्राच्या हमीची मुदत मागील वर्षींच संपलेली. आम्हीं विचार करून कळवितों असें सांगितलें. आणि बाळाच्या खोलींत विजेची एक शेगडी लावून रात्र काढली.

तंत्रज्ञाचें अनुमान मूर्खपणाचें नव्हतें. परंतु त्यांत एक गृहीत होतें: जो तक्रार करीत नाहीं तो खरें बोलतो. मला याच जागीं शंका आली.

यंत्राला स्वतःचे डोळे नसतात. बाहेर किती थंडी आहे, कॉइल किती गार झाली आहे, हें त्याला लहान लहान सेन्सर सांगतात. कॉइलचा सेन्सर तांब्याच्या एका टोपणांत बसविलेला, पेन्सिलीच्या टोंकाएवढा असतो. त्याच्या पोटांत थर्मिस्टर नांवाचा मण्याएवढा तुकडा असतो. मँगनीज, निकेल, कोबाल्ट अशा धातूंच्या भस्मांपासून तो भाजून बनवितात. सामान्य धातूची तार तापली म्हणजे विजेला तिचा रोध वाढतो. याचें उलट आहे. तापला कीं याचा रोध कमी होतो, आणि गारठला कीं वाढतो. असा उलटा स्वभाव मायकेल फॅरडे यांना १८३३ सालीं चांदीच्या एका गंधकसंयुगांत आढळला होता; त्याचा व्यवहारांत उपयोग मात्र जवळजवळ शंभर वर्षांनीं सुरू झाला. आमच्या यंत्रांतील जातीच्या थर्मिस्टरचा रोध २५ अंशांवर १० हजार ओहम, शून्यावर सुमारें साडेबत्तीस हजार, आणि ५० अंशांवर सुमारें साडेतीन हजार असतो. बोर्ड हा रोध मोजतो आणि कोष्टकाप्रमाणें त्याचे अंश करतो. त्याचें सारें ज्ञान तें एवढेंच.

मंगळवारीं सकाळीं प्रथम यंत्र बंद करून आम्हीं कोमट पाणी ओतून बर्फ वितळविला. येथें एक इशारा देतों. सुरीनें किंवा उलथण्यानें बर्फ खरवडूं नये. कॉइलचे पत्रे कागदासारखे पातळ असतात आणि नळीला भोंक पडलें तर दुरुस्ती फार महाग पडते. ओतलेलें पाणी वाटेवर गोठून माणूस घसरतो, म्हणून तेथें मीठ टाकावें. मग यंत्र सुरू केलें, अर्ध्या तासानें त्याच्या पडद्यावरील यादी उघडली आणि प्रत्येक सेन्सरचें म्हणणें कागदावर उतरून घेतलें. बाहेरची हवा ३ अंश. कॉइल ९ अंश.

श्रोतेहो, मघांची गोष्ट आपणांस आठवत असेल. ज्या हवेंतून उष्णता उपसली जात आहे, तिच्याहून कॉइल सहा अंशांनीं गरम कशी असेल? पाणी खालून वर वाहतें असें सांगण्यासारखेंच तें आहे. कोणतेंही उपकरण न लावतां, केवळ दोन आंकडे शेजारीं शेजारीं ठेवून, साक्षीदार खोटा पडला. आणि तो खोटें बोलत होता म्हणून सर्व अनर्थ उलगडला. कॉइल शून्याच्या बरीच खालीं जाऊन कांहीं वेळ राहिली, म्हणजेच बर्फ वितळविण्याचा हुकूम सुटतो. नऊ अंशांच्या कॉइलवर बर्फ कसा असेल, असें समजून बोर्ड स्वस्थ बसला होता. त्याला जें कळविलें गेलें त्यावरून त्यानें केलें तें योग्यच होतें.

मग बिघाडाचा अंक कां उमटला नाहीं? कारण बोर्डाला दोनच प्रकारचे खोटे साक्षीदार ओळखतां येतात: तार तुटल्यामुळें मुळींच न बोलणारा, आणि दोन तारा एकमेकींस चिकटल्यामुळें भलतेंच ओरडणारा. शांतपणें, पटण्याजोगें खोटें बोलणाऱ्यास तो ओळखीत नाहीं.

आमचे जावई व्यवसायानें हिशेबनीस. त्यांनीं लागलीच एक रास्त आक्षेप घेतला. ते म्हणाले, "बाबा, सेन्सर खोटें सांगतो कीं बोर्ड खोटें ऐकतो, हें अजून ठरलेलें नाहीं." बोर्डासाठीं कित्येकशें पौंड मोजावयाचे कीं नाहींत, हें या एका प्रश्नावर अवलंबून होतें. म्हणून त्याची परीक्षा आम्हीं दोन्ही बाजूंनीं केली.

प्रथम यंत्राचा वीजपुरवठा बाहेरच्या मुख्य खटक्यानें तोडला, आणि माहितीपुस्तकांत सांगितलेला वेळ संपेपर्यंत झाकण उघडलें नाहीं. वीज तोडल्यावरही या यंत्रांतील कपॅसिटरमध्यें ती कांहीं काळ सांठून राहते व प्राणघातक धक्का देऊं शकते. हें काम ज्याच्या सवयीचें नाहीं त्यानें झाकणाला हात लावूं नये. आंकडे वाचून कागदावर मांडावे आणि पुढचें काम जाणत्यावर सोंपवावें. माझें आयुष्य विजेच्या उपकरणांत गेलें असल्यामुळें मीं तें धाडस केलें.

झाकण उघडून कॉइलच्या सेन्सरची जोडणी बोर्डावरून काढली आणि तिच्या जागीं बाजारांत मिळणारा १० हजार ओहमचा साधा रोधक बसविला. झाकण लावून वीज दिली. पडद्यावर कॉइलचें तापमान आलें २५ अंश. कोष्टकाप्रमाणें अगदीं बरोबर. म्हणजे बोर्डाचे कान शाबूत होते. तो ऐकत होता तें नीट ऐकत होता.

मग पुन्हां वीज तोडून सेन्सरला उलटतपासणीसाठीं घरांत आणलें. त्याला पातळ पिशवींत घालून, बर्फाचा चुरा व थोडें पाणी यांच्या मिश्रणांत बुडविलें. असें मिश्रण चांगलें ढवळलें असतां शून्य अंशांवर स्थिर राहतें. याहून स्वस्त आणि प्रामाणिक मापदंड घरांत दुसरा मिळणार नाहीं. दहा मिनिटांनीं मल्टिमीटर लावला. साडेबत्तीस हजार ओहमच्या जागीं रोध भरला अठरा हजारांच्या आंत. म्हणजे बर्फांत बसलेला हा गृहस्थ आपल्याला बारा अंशांची ऊब लागते आहे असें सांगत होता!

भिंग घेऊन पाहिलें तेव्हां, तार टोपणांत शिरते तेथें केसासारखी चीर दिसली. बर्फ धरणें आणि वितळणें यांचे हेलकावे कांहीं हिवाळे सोसल्यावर तेथील लेप तडकला होता आणि आंत ओल शिरली होती. ओलीमुळें विजेला थर्मिस्टरच्या शेजारून दुसरी एक चोरवाट मिळाली. एकूण रोध कमी भरला. आणि कमी रोध म्हणजे अधिक ऊब, असा बोर्डानें अर्थ केला. याच्या उलट, जोडणीच्या पिना गंजल्या तर रोध वाढतो आणि यंत्राला वस्तुस्थितीहून अधिक थंडी भासते. चुकीची दिशा पाहून चुकीच्या कारणाचा असा अंदाज करतां येतो.

नवीन सेन्सर टपालानें मागविला. किंमत कांहीं थोडे पौंड. येथें केवळ आकार पाहून चालत नाहीं. २५ अंशांवरील रोध आणि तापमानाबरोबर तो बदलण्याचें प्रमाण, हीं दोन्हीं मूळच्या सेन्सरशीं जुळलीं पाहिजेत. नाहीं तर एका खोट्या साक्षीदाराच्या जागीं दुसरा आणून बसविल्यासारखें होईल. तो येईपर्यंतचे दोन दिवस जुना सेन्सर परत लावून यंत्र चालविलें, आणि दिवसांतून तीनदां जावयांनीं यंत्र बंद करून कोमट पाण्याच्या बादल्या ओतल्या. या खटाटोपानें घर सोळा अंशांवर टिकलें; बाळाची खोली शेगडीमुळें थोडी अधिक.

गुरुवारीं सेन्सर आला. त्यालाही आधीं बर्फाच्या मिश्रणांत बसवून त्याची साक्ष घेतली. ती खरी निघाली. मग कॉइलच्या नळीवरील खोबणींत उष्णतावाहक लेप लावून तो घट्ट बसविला. सेन्सर आणि नळी यांमध्यें हवेची पोकळी राहिली तर तो नळीऐवजीं भोंवतालच्या हवेचें तापमान सांगूं लागतो. वरून उष्णतारोधक पट्टी गुंडाळली, आणि तारेला खालच्या बाजूस एक झोळ दिला, म्हणजे तिच्यावरून ओघळणारें पाणी झोळाच्या तळाशीं ठिबकून जावें, टोपणापर्यंत पोंचूं नये. मग यंत्र सुरू केलें. अर्ध्या तासानें पडद्यावर हवा २ अंश, कॉइल शून्याखालीं ६ अंश. प्रथमच ही जोडी एकमेकींशीं सुसंगत बोलत होती.

तरी खरी कसोटी पुढेंच होती. आम्ही खिडकीशीं बसून राहिलों. पाऊण तास झाला, एक तास झाला. मग पंखा थांबला, आंत एक फुसकारा झाला, आणि यंत्राच्या पाठीकडून पांढऱ्या वाफेचा लोट वर चढला. माझी पत्नी बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. ती म्हणाली, "अहो, पेटलें हो तुमचें यंत्र!" रात्रीं नऊ वाजतां बाळाच्या खोलींतील तापमान वीस अंश होतें व शेगडी बंद होती.

जुना सेन्सर मीं कुतूहलानें रेडिएटरवरच्या फळीवर ठेवून दिला. चार दिवसांनीं त्याला पुन्हां बर्फांत घातला, तर तो साडेबत्तीस हजार ओहम दाखवूं लागला! ओल वाळली आणि साक्षीदार खरें बोलूं लागला. पण चीर तशीच होती. उन्हाळ्यांत कोणीं त्याची परीक्षा केली असती, तर त्याला निर्दोष ठरवून बोर्डच बदलला असता. बिघाड ज्या परिस्थितींत होतो, तपासही त्याच परिस्थितींत करावा, हा धडा मला त्या चार दिवसांनीं दिला. पुढच्या आठवड्यांत तो तंत्रज्ञ चौकशीला आला, तेव्हां त्याला मीं आंकड्यांचा कागद दाखविला. त्यानें तो दोनदां वाचला, त्याचें छायाचित्र काढून घेतलें आणि मनमोकळेपणानें आभार मानले.

आपल्याकडे असा हिवाळा नाहीं, मग या हकीकतीचा आपल्याला उपयोग काय, असें आपण म्हणाल. परंतु मुंबई-पुण्याच्या घराघरांतील वातानुकूलन यंत्रांत असेच सेन्सर असतात; एक खोलीच्या हवेचें तापमान सांगणारा, दुसरा कॉइलचें. कोंकणपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेंत त्यांच्या पिना गंजतात. मग खोली तापलेली असतांना ती गार झाली असें यंत्राला कळविलें जातें; कॉम्प्रेसर मध्येंच थांबतो; आणि आपण गॅस संपला असें धरून गॅस भरून घेतों, किंवा बोर्ड बदलतों. अशा वेळीं दुरुस्ती करणाऱ्यास नम्रपणें एवढेंच विचारावें, "बोर्ड बदलण्यापूर्वीं सेन्सरचा रोध मोजून पाहिलात का?" चांगल्या कारागिराला या प्रश्नाचा राग येत नाहीं. गॅसच्या बंद नळ्यांना मात्र शिकलेल्या माणसाशिवाय कोणी हात लावूं नये.

यंत्र असो कीं माणूस, त्याची कृति वेडीवांकडी दिसली कीं आपण त्याच्या बुद्धीला दोष देतों. पुष्कळदां बुद्धि शाबूत असते. तिच्यापर्यंत पोंचलेली वार्ताच खोटी असते. म्हणून निर्णय देणाऱ्यास शिक्षा करण्यापूर्वीं वार्ता आणणाऱ्यास एकदां बर्फांत बसवून पाहावें.